सपाट छपरावरचं भांडण आणि न विचारलेले प्रश्न

कुटुंबाचं जुनं घर उतरवून त्या जागी आधुनिकतावादी शैलीतलं घर बांधायचा विषय निघाला की चर्चा लगेच दिसण्यावर येते. विरोध करणारे म्हणतात, हे घर कसलं, हे तर काँक्रीटचं खोकं. पिढ्यांची ओळख पुसून टाकणारं. बाजू घेणारे म्हणतात, जुन्यात जीव गुंतवण्यात अर्थ नाही. सरळ रेषा, पांढऱ्या भिंती, मोठ्या काचा हेच आजचं घर, शिवाय नक्षीकाम नाही म्हणजे खर्चही कमी. दोघंही घर बाहेरून कसं दिसेल त्या एका चित्राबद्दल बोलत असतात, ज्याला बांधकामाच्या भाषेत एलिव्हेशन म्हणतात. गच्चीवरचं पाणी कुठून जाणार, दुपारचं ऊन कुठवर आत येणार, स्लॅब किती झुकणार, घरातल्या वयस्कर माणसाला बैठकीतलं बोलणं ऐकू येणार का, हे प्रश्न कोणी काढतच नाही. माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो. कुटुंबाचं घर आधुनिकतावादी पद्धतीने पुन्हा बांधणं पूर्णपणे रास्त आहे, आणि जुन्याची नक्कल उभी करण्यापेक्षा बहुतेक वेळा जास्त प्रामाणिकही. पण ही बांधायला फार अवघड शैली आहे, कारण चुका झाकणारं सगळं तिने काढून टाकलेलं असतं. तिच्या बारकाव्यांवर खर्च करायची आणि रोज देखरेख ठेवायची तयारी नसेल, तर जुनं घर पाडायचं समर्थन त्या शैलीच्या नावाने करता येणार नाही.

हे भांडण नवं नाही. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्लिनच्या झेलेनडॉर्फ भागात ब्रूनो टाउट, हूगो हेरिंग आणि ओटो साल्व्हिसबर्ग या वास्तुकारांनी सपाट छपरांची, रंगीत भिंतींची मोठी वसाहत उभारायला घेतली. १९२८ मध्ये तिच्याच कडेला दुसऱ्या एका गृहनिर्माण संस्थेने हाइनरिश टेसेनो यांच्या नेतृत्वाखाली मुद्दाम उतरत्या छपरांची घरं बांधून प्रदर्शन भरवलं. या वादाला पुढे झेलेनडॉर्फचं छप्पर-युद्ध असंच नाव पडलं. सपाट छप्पर म्हणजे परकं, उतरतं म्हणजे अस्सल जर्मन, असं समीकरण मांडलं गेलं आणि त्याला उघड राजकीय रंग चढला. स्टुटगार्टच्या १९२७ च्या, तशाच सपाट छपरांच्या वायसेनहोफ वसाहतीची तर ‘अरबांचं गाव’ म्हणून टर उडवली गेली. तिच्या छायाचित्रावर उंट चिकटवलेली पोस्टकार्डं निघाली. आज जवळजवळ शंभर वर्षांनी झेलेनडॉर्फमधली दोन्ही प्रकारची घरं वापरात आहेत. मग त्या युद्धाने सिद्ध काय केलं? छपराच्या आकारावर माणसं एकमेकांशी वैर धरू शकतात, एवढंच. घर टिकणं न टिकणं छपराची कड, ढाळ आणि पाणी बाहेर पडायची जागा यांवर ठरतं, अशा भांडणावर नाही.

आधुनिकतावाद म्हणजे एक ठरावीक रूप, हे गृहीत धरल्यामुळेच वाद भरकटतो. या चळवळीतले एक अग्रणी वास्तुकार ल कॉर्बुझिए यांचे पाच मुद्दे अनेकदा रूपाची यादी म्हणून वाचले जातात: खांबांवर उचललेलं घर, गच्चीवरची बाग, मोकळा आराखडा, आडवी सलग खिडकी आणि मोकळी दर्शनी बाजू. प्रत्यक्षात पाचही एकाच निर्णयातून निघतात. भार भिंतींवरून काढून खांब आणि स्लॅब यांच्यावर टाकला की भिंत हवी तिथे घेता येते, वरच्या मजल्याची भिंत खालच्या भिंतीवरच यावी ही सक्ती उरत नाही, आणि खिडकी भिंतीत पाडलेलं भोक न राहता भिंतीइतकी लांब होऊ शकते. म्हणजे सुरुवात आराखड्यापासून, राहणाऱ्या माणसांच्या दिवसापासून होते. नेदरलंड्समधल्या उट्रेख्टचं श्रोडर हाउस याचं उत्तम उदाहरण. १९२४ मध्ये गेरिट रिटव्हेल्ट यांनी ते ट्रूस श्रोडर यांच्यासाठी केलं. त्यांचे पती नुकतेच वारले होते, पदरात तीन मुलं. वरच्या मजल्यावर सरकत्या भिंती आहेत. त्या ढकलल्या की मजला एकच खोली होतो, ओढल्या की झोपायच्या स्वतंत्र खोल्या. हा आराखडा वास्तुकारासोबत त्या बाईंनी घडवला आणि १९८५ मध्ये वारेपर्यंत त्या तिथेच राहिल्या. विशेष म्हणजे काँक्रीटच्या पट्ट्यांचं वाटणारं हे घर बहुतांशी गिलावा केलेल्या विटांचं आहे. काँक्रीट पायात आणि बाल्कन्यांत. शैलीचा जीव काँक्रीटमध्ये नव्हताच.

तो सपाट छपरातही नाही. वास्तुकार अँटोनिन रेमंड यांनी १९३३ मध्ये जपानमधल्या कारुइझावा इथे स्वतःसाठी उन्हाळी घर बांधलं. कल्पना कॉर्बुझिए यांनी चिलीतल्या एका घरासाठी काढलेल्या, पण कधी न बांधल्या गेलेल्या आराखड्यावरून घेतलेली. रेमंड यांचं घर मात्र लाकडाचं, जपानी सुतारांनी बांधलेलं, आतल्या बाजूला उतरणाऱ्या दोन छपरांचं. ते आधुनिकतावादी नाही असं कोण म्हणेल? तेव्हा पावसाच्या प्रदेशात ज्याला उतरतं छप्पर आणि रुंद पाख, म्हणजे भिंतीबाहेर झेपावणारी छपराची कड, हवी आहे, त्याने ती खुशाल घ्यावी. पाख काढून टाकली म्हणजे घर मॉडर्न झालं, हा गैरसमज ठेकेदार आणि मालक मिळून पसरवतात, आणि त्याची किंमत भिंती मोजतात.

आता विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा घेऊ. ही घरं गळतात. खोटं नाही. पॅरिसजवळच्या प्वासी इथलं व्हिला सव्वा १९३१ मध्ये पूर्ण झालं. शैलीच्या प्रत्येक पुस्तकात त्याचं चित्र असतं. त्याच्या मालकीणबाई युजेनी सव्वा यांची पत्रं मात्र वेगळं सांगतात: हॉलमध्ये पाऊस पडतो, रॅम्पवर पडतो, गॅरेजची भिंत चिंब झाली आहे. १९३७ मध्ये त्यांनी घर राहण्यालायक करून द्या अशी मागणी लेखी केली. १९४० मध्ये कुटुंबाने घर सोडलं. हे घर २०१६ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं म्हणून त्या बाईंची तक्रार चुकीची ठरत नाही. पण या तक्रारीवरून सपाट छप्पर बाद ठरतं का? गळती कुठून होते ते पाहिलं तर नाही.

सपाट गच्ची कधीच सपाट नसते. तिला शंभराला एक हा किमान ढाळ लागतो आणि साठ ते ऐंशीला एक दिला तर बरं, कारण गवंड्याच्या हातचा फरक आणि स्लॅबचा झुकाव मिळून शंभराला एकचा ढाळ जागोजागी सहज खातात आणि पाणी साचतं. सहा मीटर लांबीला ऐंशीला एक म्हणजे ७५ मिलिमीटर. पाणी बाहेर पडतं तिथे ढाळासाठी स्लॅबवर घातलेला भराव किमान २५ मिलिमीटर धरला तर दुसऱ्या टोकाला तो १०० होतो. त्यावर फरशी आणि तिचा माल मिळून ५० धरा. वॉटरप्रूफिंगचा थर फरशीच्या वर भिंतीवर किमान १५० मिलिमीटर चढलेला हवा. म्हणजे भरावाच्या उंच टोकाला गच्चीचं दार असेल, तर त्याचा उंबरठा मूळ स्लॅबपासून ३०० मिलिमीटर वर येतो. आणि मालकाने चित्रात काय पाहिलेलं असतं? आतली फरशी सलग बाहेर गच्चीवर गेलेली, मध्ये उंबरठाच नाही. हे करता येतं, पण त्यासाठी गच्चीचा स्लॅब आतल्या स्लॅबपेक्षा साधारण पाव मीटर खाली टाकावा लागतो, किंवा दारासमोर जाळीचा चर घेऊन थराचा चढाव त्या चराच्या तळापासून मोजावा लागतो. हे स्लॅब पडायच्या आधी ठरलं पाहिजे. स्लॅब पडल्यावर लक्षात आलं की मग चढाव कापला जातो, दाराची चौकट थेट थरावर बसते आणि दुसऱ्या पावसाळ्यात आतल्या लाकडी फरशीच्या कडा वर उचलल्या जातात. दोष कॉर्बुझिए यांच्या माथी मारला जातो, वास्तविक चूक त्या ३०० मिलिमीटरची असते.

दुसरी जागा पॅरापेट, म्हणजे गच्चीच्या कडेचा कठडा. गळती स्लॅबच्या मधोमध क्वचित होते. ती होते स्लॅब आणि पॅरापेट जिथे मिळतात त्या काटकोनात. १२ मीटर लांबीचा काँक्रीट स्लॅब तापमानात ४० अंशांचा फरक पडला की जवळजवळ ५ मिलिमीटर कमी-जास्त होतो. त्यावर उभी विटांची भिंत तितकी हलत नाही. मग सांध्यात केसाएवढी चीर पडते आणि पाण्याला तेवढी पुरते. उपाय ठाऊक असलेले आहेत: पॅरापेटचा खालचा भाग स्लॅबबरोबरच काँक्रीटमध्ये ओतून घेणं, कोपऱ्यात गोलाई करून थर त्यावरून वर नेणं, वरच्या काठाला गच्चीच्या बाजूला ढाळ देणं आणि बाहेर आलेल्या प्रत्येक कडेखाली १०-१२ मिलिमीटरची पागोळी-खाच ठेवणं, म्हणजे पाणी मागे वळून भिंतीवर न ओघळता तिथेच तुटून खाली पडतं. पांढऱ्या भिंतींवर खिडकीच्या दोन्ही कोपऱ्यांखाली दिसणारे काळे ओघळ या खाचेच्या अभावाचे असतात. पाणी जायला एकच तोंड ठेवणं हा आणखी एक वारंवार होणारा गुन्हा. पानांनी ते तुंबलं की गच्चीची टाकी होते. दोन तोंडं आणि त्यांच्यापेक्षा थोडं वर, भिंतीतून आरपार एक मोकळं भोक, एवढं हवंच. फरशी बसायच्या आधी तोंडं बंद करून गच्चीत ५० मिलिमीटर पाणी तीन दिवस उभं ठेवायचं आणि खालून छत पाहायचं. या चाचणीला पैसे जवळपास लागत नाहीत. तरी ती टाळली जाते, कारण फरशीवाला दारात येऊन उभा असतो.

विरोधकांचा दुसरा मुद्दा काचेचा आणि उन्हाचा. इथेही त्यांना मोठा दाखला मिळतो. मीस व्हॅन डर रोह यांनी इलिनॉयमध्ये बांधलेलं फार्न्सवर्थ हाउस १९५१ मध्ये पूर्ण झालं. चारी बाजूंनी काच. उघडणाऱ्या खिडक्या म्हणाल तर एका टोकाला दोन लहानशा. मालकीण एडिथ फार्न्सवर्थ आणि वास्तुकार यांचं भांडण कोर्टात गेलं. जमिनीपासून दीड मीटरहून उंच असलेल्या त्या घरात नदीचं पाणीही शिरलं, १९५४ मध्ये आणि पुन्हा १९९६ मध्ये. दुपारच्या उन्हात पश्चिमेच्या उभ्या काचेवर चौरस मीटरला ६०० वॅटच्या आसपास उष्णता सहज पडते. साधी काच त्यातली चार-पंचमांश आत सोडते. दहा चौरस मीटरची पश्चिम काच म्हणजे दुपारभर खोलीत चालू ठेवलेले एक-एक हजार वॅटचे जवळजवळ पाच हीटर. आतला पडदा हे फारसं थांबवत नाही, कारण पडद्यापर्यंत पोचलेली उष्णता बहुतांशी घरात आलेलीच असते. सावली काचेच्या बाहेर पडली पाहिजे.

पण याचं उत्तर कोणी शोधलं? त्याच चळवळीने. अहमदाबादमध्ये कॉर्बुझिए यांनी १९५० च्या दशकात केलेली साराभाई आणि शोधन कुटुंबांची घरं पाहा. साराभाईंच्या घरात वाऱ्याच्या दिशेला तोंड करून कमानींच्या ओळी आहेत आणि छपरावर माती टाकून गवत लावलं आहे. शोधनांच्या घरावर वेगळं उचललेलं छत्रीसारखं छप्पर आहे, त्याच्या सावलीत खालच्या गच्च्या राहतात, आणि दर्शनी भागावर काँक्रीटची खोल जाळी. पुद्दुचेरीतल्या अरविंद आश्रमाच्या गोलकोंड या निवासाचं काम रेमंड यांच्या आराखड्याप्रमाणे १९३०च्या दशकात सुरू झालं. तिथे खोल्यांना काचेची खिडकीच नाही. उत्तर आणि दक्षिण बाजूंना उघडझाप करता येणाऱ्या आडव्या पट्ट्या, आणि स्लॅबवर कमानदार तुकड्यांचं दुसरं छप्पर, मधून हवा खेळती. ही घरं बघून आधुनिकतावाद ऊन ओळखत नाही असं म्हणता येईल का? हिशोब तर शाळेतल्या त्रिकोणमितीचा आहे. सव्वा मीटरला थोडी कमी, १.२ मीटर उंचीची खिडकी आणि सूर्य ६० अंशांवर असेल तर ०.७ मीटरचा छज्जा तिला पूर्ण सावली देतो. उत्तर गोलार्धात दक्षिणेच्या खिडकीला उन्हाळ्यात तो पुरतो. पश्चिमेला सूर्य २० अंशांवर आला की त्याच खिडकीला ३.३ मीटरचा छज्जा लागेल, म्हणजे छज्ज्याचा उपयोग नाही. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी किंवा सरळ भिंतच हवी. म्हणून चारी बाजूंनी सारखं दिसणारं काचेचं घर हे या शैलीच्या नियमांनीच चुकलेलं घर आहे. प्रत्येक दिशेचं तोंड वेगळं असायलाच हवं.

तिसरा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो: अशा घरात राहता येतं का? हा प्रश्न जशाच्या तशा शब्दांत १९३१ मध्ये विचारला गेला होता, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या बर्नोच्या टुगेनधाट घराबद्दल. मीस यांचंच हे काम, १९३० मध्ये पूर्ण झालेलं. ऑनिक्सची भिंत, क्रॉसच्या आकाराचे चकचकीत पोलादी खांब, जमिनीत उतरणाऱ्या प्रचंड काचा. एका जर्मन मासिकात टीकाकाराने लिहिलं, या घरात राहता येतं का? उत्तर दिलं खुद्द ग्रेटे आणि फ्रिट्झ टुगेनधाट यांनी, आणि ते होकारार्थी होतं: मोकळ्या जागेचा त्यांना जाच वाटत नव्हता, शांतता वाटत होती. १९३८ मध्ये नाझी संकटामुळे त्यांना घर सोडावं लागलं, घराला कंटाळून नव्हे. उलट उदाहरण पेसाकचं. बोर्दोजवळच्या या वसाहतीत कॉर्बुझिए यांनी १९२६ पर्यंत पन्नासेक घरं बांधली, आणि राहणाऱ्यांनी पुढच्या काही दशकांत गच्च्या झाकल्या, लांब खिडक्या बुजवून अरुंद केल्या, काहींनी वर उतरती छपरं चढवली. दोन्ही घटनांमधला फरक मला स्पष्ट दिसतो. टुगेनधाटांनी घर मागून घेतलं होतं, पेसाकच्या रहिवाशांना ते तयार मिळालं. कुटुंबाचं घर पुन्हा बांधताना नेमकी हीच निवड असते. घरातला एक उत्साही मुलगा वास्तुकाराबरोबर सगळं ठरवणार आणि बाकीचे पाच जण तयार घरात राहायला येणार असतील, तर पेसाक घरातच घडणार: पाच वर्षांत गच्चीवर पत्रे येतील.

राहण्यातल्या अडचणी बहुतेक मोजता येतात, म्हणून टाळताही येतात. आवाजाचंच घ्या, कारण त्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. ८ बाय ६ मीटरची, ३ मीटर उंचीची बैठक. गुळगुळीत गिलावा, दगडी फरशी, उघडं छत, काच. अशी खोली रिकामी असेल तर तिच्यात उमटलेला आवाज विरायला ४ सेकंदांहून जास्त लागतात. बोलणं स्पष्ट ऐकू यायला तो वेळ अर्ध्या-पाऊण सेकंदाच्या आसपास हवा. सामान आणि माणसं आली की फरक पडतो, पण मोजकं फर्निचर ठेवायच्या हौसेने तेही पुरेसं येत नाही. मग चार माणसं एकदम बोलली की श्रवणयंत्र लावणाऱ्या आजोबांना फक्त गलका ऐकू येतो, आणि ते उठून आपल्या खोलीत जातात. जुन्या घरात लाकडी तक्तपोशी, जाड पडदे, गाद्या, कपाटं हा आवाज गिळत होती. नव्या घरात हे काम छताच्या निम्म्या भागात आवाज शोषणारे लाकडी पट्ट्यांचे पॅनेल, एक पुस्तकांची भिंत आणि एक मोठा जाड गालिचा करू शकतात. सामानाचंही तसंच. मोकळी जागा मोकळी राहायची असेल तर एकूण क्षेत्रफळाच्या दहा-बारा टक्के भाग बंद कपाटांना आधीच दिलेला हवा. तो दिला नाही तर पहिल्या वर्षात खोकी जिन्याखाली येतात. वृद्धांसाठी तळमजल्यावर झोपायची खोली आणि न्हाणीघर, आणि मोकळ्या आराखड्यात बंद होणारं निदान एक दार, हे शैलीच्या विरुद्ध मुळीच नाही. श्रोडरबाईंच्या सरकत्या भिंती याचसाठी होत्या.

इतका वेळ विरोधकांचं ऐकलं. बाजू घेणाऱ्यांचा साधेपणा-म्हणजे-स्वस्त हा दावा मात्र मला जास्त घातक वाटतो, कारण घरं त्यानेच बिघडतात. स्कर्टिंगची पट्टी काय करते? भिंत आणि फरशी यांच्या सांध्यातला पाच-सात मिलिमीटरचा फरक झाकते. दाराभोवतीची पट्टी चौकट आणि गिलावा यांच्यातली चीर झाकते. छताची कंगोऱ्याची पट्टी भिंतीचा चढउतार झाकते. या पट्ट्या काढून भिंत फरशीवर दहा मिलिमीटरच्या सावलीच्या फटीने थांबवायची, तर दोन मीटरच्या सरळ पट्टीखाली गिलाव्यात दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. फट सरळ राहावी म्हणून अॅल्युमिनियमची पट्टी गिलाव्याच्या आधी लेव्हलमध्ये बसवावी लागते. म्हणजे गवंडी, सुतार आणि वायरमन यांचा क्रम बदलतो: स्विचचा डबा, दाराची चौकट, फरशीची पातळी हे सगळं गिलाव्याच्या आधी मिलिमीटरमध्ये ठरलेलं हवं. काढून टाकलेल्या प्रत्येक पट्टीची मजुरी कुशल हातांच्या रूपाने परत द्यावी लागते. मोठ्या स्पॅनचं, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराचंही असंच. सहा मीटरच्या तुळईला बांधकामाच्या संहितांनुसार स्पॅनच्या अडीचशेव्या भागाइतका, म्हणजे २४ मिलिमीटरपर्यंत झुकाव चालतो, आणि त्यातला बराचसा पुढच्या काही वर्षांत हळूहळू होतो. तिच्याखाली काचेचा सरकता दरवाजा घट्ट बसवला असेल तर तो एक दिवस हलेनासा होतो. ३ बाय २.४ मीटरची १२ मिलिमीटर जाडीची एक काच २१६ किलोची असते. तुळईचा भार तिच्यावर आला की ती सरकत नाही, फुटते. वरच्या चॅनेलमध्ये झुकावाला जागा ठेवायची हे चित्रात दिसत नाही, पण याच जागेवर घर चालतं किंवा बंद पडतं.

उघड्या काँक्रीटबद्दल तर वेगळंच सांगायला हवं. गिलावा वाचतो म्हणून ते स्वस्त, असं ज्याला वाटतं त्याने ते करूच नये. शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, प्रत्येक फळीचा सांधा आराखड्यावर काढलेला असतो, कारण तो कायम दिसणार असतो. सिमेंट एकाच ठिकाणचं, मिश्रण एकसारखं, आणि आधी मीटरभराचा नमुना ओतून बघितलेला. शटरिंग काढल्यावर खडी उघडी पडलेली दिसली तर वरून केलेली मलमपट्टी जन्मभर वेगळी दिसते. सर्वांत महत्त्वाचं सळईवरचं काँक्रीटचं आवरण. हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड काँक्रीटमध्ये काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आत शिरतो. म्हणजे ३० मिलिमीटरच्या जागी १५ मिलिमीटर आवरण राहिलं तर सळई गंजायला सुरुवात होण्याचा काळ निम्मा होत नाही, चौथाई होतो. गिलावा असता तर थोडं संरक्षण मिळालं असतं. इथे तेही नाही. दगडाचे तुकडे किंवा लाकडाच्या ढलप्या सळईखाली सारण्याची सवय असलेल्या टोळीकडून असं काम घेऊ नये. सळईला साच्यापासून दूर धरणारे ठरलेल्या मापाचे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, मीटरच्या आत-आत बांधलेले दिसले पाहिजेत. बाहेर झेपावणाऱ्या स्लॅबमध्ये मुख्य सळई वरच्या अंगाला असते, आणि ओतकामाच्या वेळी माणसं तिच्यावरून चालून ती खाली दाबतात. मग दिसायला स्लॅब जाड असतो, ताकद मात्र गेलेली. वाकवलेल्या सळईच्या खुर्च्यांवर उचललेली मुख्य सळई ओतण्याच्या सकाळी टेपने मोजावी. टेकू काढताना मोकळ्या टोकाकडून आधाराकडे यावं, उलट कधीही नाही.

आणि पाच मुद्द्यांपैकी पहिलाच, खांबांवर उचललेलं घर, भूकंपाच्या प्रदेशात धोक्याचा आहे, हे मान्यच केलं पाहिजे. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात दोनशे किलोमीटरांहून दूर अहमदाबादमध्ये ज्या इमारती कोसळल्या, त्यांतल्या अनेकांचा तळमजला पार्किंगसाठी नुसत्या खांबांवर मोकळा होता. वरचे मजले भिंतींमुळे ताठ आणि खालचा लवचीक, म्हणजे सगळी हालचाल खालच्या खांबांत एकवटते. तळमजला मोकळा हवाच असेल तर जिन्याभोवती किंवा दोन्ही दिशांना काँक्रीटच्या भिंती पायापासून वर नेल्याच पाहिजेत. त्या आराखड्यात बसत नसतील तर मोकळा तळमजला सोडून द्यावा.

उरतो तो मूळ प्रश्न: पाडायचं का? जुन्या घराची नक्कल करावी असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. जाड भिंत, लाकडी तुळया, खोल खिडक्या या जुन्या घरात भार वाहत होत्या, सावली देत होत्या. त्याच गोष्टी काँक्रीटच्या सांगाड्यावर वरून चिकटवल्या की त्या कशाचंच काम करत नाहीत. पण ‘घर जुनं झालं’ हे पाडायचं कारण होऊ शकत नाही. आधी तपासावं. पायाशी दोन-तीन खड्डे घेऊन पाया किती खोल आणि कशावर टेकला आहे ते बघावं. तुळयांची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथे स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहावा. लाकूड कुजतं ते तिथेच, मधोमध नव्हे. काँक्रीट असेल तर थोडं फोडून ताज्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग दाखवणारं रसायन मारावं. गुलाबी झालं तर तिथवर काँक्रीट अजून शाबूत आहे, रंग आला नाही तर सळईचं संरक्षण संपलं आहे. या तपासणीत घर पास झालं तर पाडण्यापेक्षा आतून बदलणं हा जास्त आधुनिक निर्णय ठरेल. श्रीलंकेचे वास्तुकार जेफ्री बावा यांनी कोलंबोतलं आपलं घर असंच केलं: १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून एकापाठोपाठ चार छोटे बंगले घेत, भिंती काढत, मध्ये छोटी अंगणं सोडत. जुने कोरीव खांब आणि दारं त्यात बसवली. शेवटी रस्त्याकडच्या एका बंगल्याच्या जागी नवा उंच भाग बांधला. जे पाडायला हवं होतं तेवढंच पाडलं.

घर नापास झालं तरी त्यातलं बरंच काही पुढे जाऊ शकतं, आणि त्यासाठी पाडण्याचा ठेका वेगळा करावा लागतो. यंत्राने दोन दिवसांत जमीनदोस्त केलेल्या घरातून फक्त राडारोडा मिळतो. चुन्यात बांधलेल्या विटा हाताने सुटतात आणि साफ होतात. सिमेंटमध्ये बांधलेल्या फुटतात. जुन्या तुळया उतरवून आधी सगळे खिळे काढावे लागतात, मग चारी बाजूंनी कापून जे उरतं ते वापरायचं, आणि त्यातलं किती हाती येईल ते आधी सांगता येत नाही. म्हणून नव्या घराच्या पायऱ्या किंवा दारं जुन्या लाकडातून करायची असतील तर लाकूड हाती आल्यावर त्यांचं माप ठरवावं. जुन्या दाराची उंची नव्या चौकटींपेक्षा कमी असते. ते दार जिथे बसणार ती भिंत त्याच्या मापाने आखावी, दार कापू नये.

हे सगळं कागदावर यायला वेळ लागतो: पायापासून पॅरापेटपर्यंत भिंतीचा पूर्ण छेद, म्हणजे ती उभी कापून आतलं दाखवणारं रेखाचित्र, विसास एक प्रमाणात, आणि गच्चीचं दार, खिडकीचा माथा, पॅरापेटचा काठ, फरशीची कड हे सांधे पाचास एक प्रमाणात. घरातल्या प्रत्येकाने हे छेद समोर ठेवून भांडावं. एलिव्हेशनचं रंगीत चित्र तोवर बाजूला राहू द्यावं. आणि हे कागद पुरे होईपर्यंत जुन्या घराचं छप्पर उतरवू नये. बऱ्याच घरांत परवानगी मिळताच कौलं किंवा पत्रे काढले जातात, काम लांबतं, एक पावसाळा जातो. पाणी उघड्या भिंतींच्या माथ्यातून आत उतरतं, मातीचा आणि चुन्याचा माल सुटतो, तुळयांची टोकं भिजत राहतात. मग ठेवता आलं असतं तेही ठेवता येत नाही, आणि पाडायचं की नाही हा निर्णय घरातल्या कोणीच घेतलेला नसतो.